कॅमेरा आधी की लेन्स?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



हळदीकुंकू, पाककृती, भजन हे सोडून कॅमेऱ्यावर बोला, असा चिटणीसबाईंचा हुकूम झाला तेव्हा मला हसूच आले. मी काही या विद्येतली पंडिता नव्हे. पण या छंदात पदरचे पैसे घालवून जे शिकले, ते तुमचे तरी वाचावेत म्हणून उभी राहिले आहे.

२०१६ साली माझी भिशी लागली. दिवाळीत मोठ्या शहरी गेले होते, तेथल्या एका दुकानात शिरले. दुकानदाराने चोवीस मेगापिक्सेलची बॉडी पुढे ठेवली, तिची इतकी बटणे दाखविली की मी भुलले. सारे पैसे बॉडीतच संपले. सोबत फुकटात आली ती १८-५५ ची साधी लेन्स. लेन्स म्हणजे कॅमेऱ्याचे झाकण, इतकीच तेव्हा माझी समजूत!

पुढे सासूबाईंचे सहस्रचंद्रदर्शन आले. आमचे माजघर तुम्ही पाहिले आहे. एक खिडकी, तीही गोठ्याकडे. सासूबाई पाटावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "माह्या फोटूत डोये मिटेल नको येऊ देजो व बाई." निरांजने ओवाळली जात होती, त्यांच्या तोंडावर तो उजेड नाचत होता. मी पन्नासएक फोटो काढले. एकही धड नाही. फ्लॅश न लावता काढलेले हलले, फ्लॅश लावलेल्यांत चेहरा पिठासारखा पांढरा आणि निरांजनाचा उजेड पार पुसलेला. तीन महिन्यांनी सासूबाई गेल्या. आज आमच्या भिंतीवर त्यांचा जो फोटो आहे, तो आधार कार्डावरचा मोठा करून घेतलेला आहे. घरात एवढा महागाचा कॅमेरा असून!

चूक कुठे झाली ते नंतर कळले. लेन्सवर जो एफचा आकडा असतो, तो तिचे दार किती उघडते ते सांगतो; आकडा लहान तितके दार मोठे. माझी लेन्स ५५ वर फार तर ५.६ पर्यंत उघडायची. १.८ पर्यंत उघडणारी लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. म्हणजे माझ्या कॅमेऱ्याला जिथे सेकंदाचा आठवा भाग लागत होता, तिथे ऐंशीवा भाग पुरला असता. आणि तेवढ्यात म्हातारे माणूस हलले तरी बिघडत नाही. ही ५० एमएम, १.८ ची लेन्स साऱ्या लेन्सांत स्वस्तांपैकी एक. मी पुढे जुनीच घेतली. मात्र आपल्या लहान सेन्सरच्या बॉडीवर पन्नासची लेन्स पंचाहत्तरसारखी जवळ ओढते; दहा फुटांच्या खोलीत चार बायका शेजारी बसविल्या तर कडेची नक्कीच रुसणार. अशा खोलीला ३५ ची बरी.

म्हणून माझे मत असे की, बॉडी बेताची घ्यावी आणि राखलेले पैसे लेन्सला घालावेत. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स मुलीच्या हाती देता येते. यालाही अपवाद आहेच. निकॉनने १९५९ साली आणलेली एफ माउंटची खाच कित्येक दशके चालविली. कॅननने १९८७ साली खाच बदलली आणि जुन्या लेन्सा नव्या बॉडीला बसेनाशा झाल्या. आता बिनआरशाचे कॅमेरे आले, त्यांच्या खाचा पुन्हा निराळ्या. पण अडॅप्टर लावून बऱ्याच जुन्या लेन्सा चालतात. तेव्हा घेताना खाच विचारावी, रंग नव्हे.

दर हौसेला नवी लेन्स लागते असेही नाही. लोणारच्या काठावर उभे राहिले की सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे ते विवर कोणत्याच साध्या लेन्सीत मावत नाही. मी कॅमेरा उभा धरून, एकावर एक थोडे चढतील असे पाच फोटो घेतले आणि मुलाने ते संगणकावर जोडले. रुंद लेन्सीचे पैसे वाचले! सातपुड्यातले पक्षी मात्र असे फसत नाहीत. त्यांना तीनशेची लेन्स हवीच. भेंडवळच्या घटमांडणीची पहाट टिपायची तर पुन्हा मोठ्या दाराचीच लेन्स.

जुनी लेन्स घेताना मागून बॅटरीचा उजेड टाकून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. आपल्याकडे पावसाळ्यात चामडी पिशवीत घालून कपाटात ठेवलेल्या लेन्सीला ती हमखास धरते. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढे पुरते. लोणच्याची बरणी सांभाळणाऱ्या बायकांना हे काय सांगावे!

होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) या आपल्या देशातल्या पहिल्या वृत्तछायाचित्रकार बाई. त्यांची सुरुवातीची छायाचित्रे यजमानांच्या नावाने छापून येत. साडी नेसून त्या अवजड स्पीड ग्राफिक कॅमेरा वागवीत, पुढे रोलायफ्लेक्स. या रोलायफ्लेक्सची लेन्स काढून दुसरी लावताच येत नसे. जवळून हवे तर स्वतःच जवळ जायचे. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

असो. वेळ झाली. एकच विनंती आहे. ज्यांच्या घरी वडीलधारी बाई आहे आणि तिचा चांगला फोटो नाही, त्यांनी जाताना चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. सकाळी नऊच्या सुमारास मी येईन. त्यांना ओसरीत दाराशी, उन्हाच्या अलीकडे बसवून ठेवा आणि आवडीचे लुगडे नेसवा. लेन्स मी आणते.