विंचूदंश आणि शिक्षकाचे कर्तव्य



वरोरा परिसरातील घरांत कवेलू, गोवऱ्या व लाकडांच्या राशी असतात. त्यांत कोळी आणि विंचू दोघेही आसरा घेतात. कोळ्याचा दंश बहुधा जागेपुरताच दुखतो. जागा साबणाने धुऊन थंड पाण्याची घडी ठेवल्यास आराम पडतो. जखम काळी पडली किंवा ताप आला तर मात्र दवाखाना गाठावा. लाल विंचवाची गोष्ट निराळी. त्याच्या विषाने रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर ताण पडतो आणि फुप्फुसांत पाणी साठून रोगी दगावतो.

नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळील बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रात रुजू झाले. विंचूदंशाची मुले डोळ्यांदेखत जात. रोग्याच्या उशाशी रात्र काढून त्यांनी नाडी, घाम व रक्तदाब यांची नोंद ठेवली. त्या नोंदींतूनच मार्ग सापडला. रक्तदाबावरील प्राझोसिन हे साधे औषध आकसलेल्या वाहिन्या सैल करते, असे त्यांना आढळले. हा अनुभव १९८६ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिल्यास रोगी अधिक लवकर सावरतो, हे त्यांनी २०११ साली दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

परंतु औषध वेळेवर पोहोचले तरच उपयोगी. मूल वेदनेने रडते, हे सर्वांना दिसते. वेदना थोडी, पण दरदरून घाम, उलटी, हातपाय गार आणि धाप, ही खूण पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. तीच सर्वांत घातक होय. यास्तव खूण दिसण्याची वाट न पाहता मुलाला निजवावे, धीर द्यावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी अथवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालयात न्यावे. दंशाची वेळ कागदावर लिहून सोबत द्यावी. जागा कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. औषधाचे प्रमाण डॉक्टरच ठरवितात. औषधानंतर मुलाला एकदम उभे करू नये. रक्तदाब उतरून भोवळ येते.

पालक मांत्रिकाचा आग्रह धरतील. त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ दवडू नये. मंत्र म्हणावयाचाच असेल तर तो वाटेत, गाडीत म्हणावा, असे गोडीने सांगावे. गावात शिक्षकाच्या शब्दाला मान असतो. तो मान अशा घटकेला मुलाच्या कामी यावा.