लक्ष्मीवहिनींचं मंगळसूत्र

कर्मवीर भाऊराव पाटलांचा फोटो आपण शाळेत बघतो. आज त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंविषयी बोलूया.

भाऊरावांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्यात वसतिगृह झालं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवायची. लक्ष्मीबाई सोवळं पाळणाऱ्या घरातल्या. पण त्यांनी सोवळं सोडलं, या पोरांना पोटाशी धरलं. पोरं त्यांना वहिनी म्हणायची. पैसा संपला की वहिनी अंगावरचा दागिना काढून द्यायच्या. शेवटी मंगळसूत्रही दिलं, पण पोरांना उपाशी ठेवलं नाही. १९३० साली त्या गेल्या. संस्थेचा वटवृक्ष झालेला त्यांना बघायला मिळाला नाही.

आपण दागिना कधी मोडतो? लग्नाला, दवाखान्याला, पेरणीला. लेकीच्या शिक्षणाला मात्र हात आखडतो. मंगळसूत्र मोडायची वेळ कुणावर येऊ नये, म्हणून तर बचत गट आहे. आमच्या गटात आम्ही ठरवलंय, कर्ज देताना पहिला मान शिक्षणाला. तुम्हीही पुढच्या बैठकीत एवढंच विचारा : दहावी होऊन घरी बसलेली मुलगी कुणाची आहे?