समांतर गणना आणि देहदर्शन



'समांतर' हा शब्द आपण भूमितीत शिकतो, तो कधीही न मिळणाऱ्या रेषांसाठी. संगणकशास्त्राने तोच उचलला. मला तो तितकासा रुचत नाही. कारण येथे सारे कौशल्य वेळेवर एकत्र येण्यात आहे.

सीटी स्कॅनच्या छेदचित्रांची चळत रचली की देहाचा एक घन तयार होतो. प्रत्येक बाजूस २५६ बिंदू धरले, तर एकूण बिंदू १ कोटी ६७ लाखांवर जातात. कवटीच्या हाडामागे रक्तवाहिनी कोठे दडली आहे, हे शल्यविशारदाला तो घन फिरवीत पाहावयाचे असेल, तर हे सर्व बिंदू सेकंदाला ३० वेळा वाचावे लागतात. चित्र रेंगाळले, की हात एकीकडे आणि नजर दुसरीकडे!

१९९९ मध्ये मित्सुबिशीच्या 'व्हॉल्यूमप्रो' या, साध्या संगणकात बसणाऱ्या कार्डाने हे साधले. त्याच्या चिपमध्ये चार गणनामार्ग एकाच वेळी चालत. परंतु खरी अडचण गणिताची नव्हतीच. ती स्मृतीची होती. शेजारचे बिंदू एकाच स्मृतिकोठारात असले, तर चौघेही एकाच दाराशी खोळंबणार. म्हणून देहात लगत असणारे बिंदूंचे गट मुद्दाम निरनिराळ्या कोठारांत ठेवले गेले. शेजाऱ्यांची ही ताटातूट मला त्या यंत्रातील सर्वांत चतुर गोष्ट वाटते.

पुढे अशी खास कार्डे मागे पडली. २००७ मध्ये एनव्हिडियाने 'कूडा' उपलब्ध करून दिले आणि व्हिडिओ गेमसाठी घडविलेल्या ग्राफिक्स प्रोसेसरांवर ही गणना करणे सुकर झाले. चार मार्गांच्या जागी तेथे शंभरावर गणनाघटक होते. नंतर ते हजारांवर गेले.