खोगीर कुणाच्या मापाचं?



आपल्या मराठीत एक शब्द फार सैलपणे वापरला जातो. खोगीरभरती. कथासंग्रहात दोन कथा उगाच घातल्यासारख्या वाटल्या, एखाद्या समितीत चार नावं नुसती संख्या वाढवायला घेतली, की आपण म्हणतो, ही सगळी खोगीरभरती. मी कविता लिहितो, त्यामुळे परीक्षणांतून हा शब्द माझ्याही वाट्याला आलेला आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण तो वापरणाऱ्यांपैकी किती जणांनी खोगीर उलटं करून आत काय भरलंय ते पाहिलं असेल, असं मनात येतंच. कारण खोगिरातली भरती ही फालतू गोष्ट नाही. ती नीट असली तर घोडा वर्षानुवर्षं काम करतो. ती चुकली तर एका लग्नसराईत त्याची पाठ जाते.

पूर्वी खोगिरात लोकर भरत, घोड्याचे केस भरत, कुठं कापूस, कुठं सुकं गवत. ज्याला घाई असेल तो हाताशी येतील त्या चिंध्या कोंबायचा. शब्दाला वाईट अर्थ चिकटला असेल तो त्या घाईवाल्यांमुळे. मूळ शब्दाचा त्यात दोष नाही. खोगीर हा शब्द फारसीतून आला. 'खोय' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे धरणारा. घाम टिपून घेणारं ते खोगीर. आमच्या घरात दखनी, दारात वऱ्हाडी आणि कागदावर मराठी, अशी तीन घरची भाकरी मी खाल्लेली आहे. त्यामुळे असे शब्द भेटले की ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होतं. जीन, लगाम, रिकीब, नाल, चाबूक, स्वार, पागा, हे सगळे शब्द फारसी-अरबीकडून आले आणि मराठीत कायमचे राहिले. यवतमाळात मात्र 'जीन' म्हटलं की लोकांना घोडा आठवत नाही, कापसाचा जिनिंग कारखाना आठवतो. घोड्याच्या पोटाखालून आवळतात त्या पट्ट्याला 'तंग' म्हणतात. फारसीत तंग म्हणजे अरुंद, आवळ. उर्दूत कुणाला तंग करणं म्हणजे त्याचा जीव नकोसा करणं. हे तिन्ही अर्थ एकदम कसे खरे होतात, ते मला एका घोडीनं दाखवलं.

आमच्या मोहल्ल्यातला एक तरुण वरातीसाठी घोडी भाड्यानं देतो. घोडीचं नाव चांदणी. अंगानं लालसर काळी, स्वभावानं इतकी शांत की डीजेच्या भिंतीसमोर उभी राहिली तरी फक्त कान हलवायची. दोन वर्षांपूर्वी त्यानं तिच्यासाठी नवं खोगीर आणलं. लाल मखमल, जरीची झालर, बाजूला आरसे. दिव्यांच्या उजेडात असं झगमगायचं की नवरदेवापेक्षा खोगिराचे फोटो जास्त निघत. आणि त्या मोसमातच घोडी बदलली. तंग ओढायला गेलं की मान वळवून चावायला धावायची. कुणी वर बसायला लागलं की बाजूला सरकायची. एका वरातीत तर तिनं पाठ अशी खाली दाबली की नवरदेव पुढं झुकून तिच्या मानेवर आला. लोक हसले, पण पुढची दोन भाडी गेली.

घोडी तापट झाली, आता विकून टाकतो, असं तो मला सांगायला आला. विकायची म्हणजे माळेगावच्या यात्रेत. नांदेड जिल्ह्यातली ही खंडोबाची यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे आणि आमच्या पुसद-उमरखेडकडची माणसं तिथं नेमानं जातात. वाईट खोडीची घोडी म्हणून ती तिथं पडत्या भावात गेली असती, आणि नव्या मालकानं तिची खोड मोडायला काय काय केलं असतं, ते सांगायला नको. माझे अब्बा टांगा चालवायचे. 'शकुंतला'च्या वेळेला यवतमाळ स्टेशनबाहेर जे टांगे लागत, त्यांत आमचाही असायचा. घोडा एकाएकी बिघडला की अब्बा त्याच्या तोंडाकडे न बघता आधी साजाकडे बघत. तेवढं मला आठवत होतं. म्हणून मी त्या पोराला म्हटलं, विकण्याआधी एकदा साज शिवणाऱ्या म्हाताऱ्याकडे जाऊ.

हे बाबा ऐंशीच्या घरातले. बैलांचे पट्टे, टांग्याचा साज, खोगिरं, सगळं हातानं शिवलेलं. त्यांनी घोडीला हात लावण्याआधी मखमल उचलली. आत बघितलं. मग घोडीच्या पाठीवरून तळहात सावकाश फिरवला. एका जागी ती थरथरली. तिथं त्यांनी केस बाजूला केले, तर काळ्या अंगावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. दुसऱ्या बाजूलाही तसाच.

पोरगा म्हणाला, "बाबा, हे तर शुभ असते म्हणतात."

बाबा म्हणाले, "शुभ? तुह्या बुटानं तुह्या टाचेले फोड आला तं थो शुभ असते काय? घोडी खोडीची नाई बाप्पा, खोगीर खोडीचं हाये."

श्रोतेहो, घोड्याच्या बाजारात लोक भोवरे बघतात, कपाळावरचा ठिपका बघतात, शुभ-अशुभ ठरवतात. पण पाठीवर खोगिराच्या जागी उगवलेले पांढरे केस हे जन्मखूण नसतात. तिथं सतत दाब पडला, त्वचेतलं रक्त अडलं, केसांना रंग देणाऱ्या पेशी मेल्या आणि पुन्हा उगवलेला केस पांढरा आला, एवढीच ती गोष्ट. जखम भरून गेली तरी हा केस बहुधा पुन्हा काळा होत नाही. म्हणजे मागच्या मालकाच्या खोगिराचा दाखला घोडा जन्मभर पाठीवर घेऊन फिरतो. घोडा विकत घेणाऱ्यानं भोवऱ्यांआधी हा दाखला वाचावा.

मग बाबांनी खोगीर कसं बसायला हवं ते दाखवलं. खाली गादी नाही, घोंगडी नाही, नुसतं खोगीर. ते मानेकडे थोडं पुढं ठेवलं आणि केसांच्या दिशेनं मागं सरकवलं, जिथं आपोआप अडलं तिथं सोडलं. खांद्याच्या फऱ्याचं हाड मोकळं राहायला हवं, कारण घोडा पुढचा पाय टाकतो तेव्हा हे हाड मागं सरकतं. खोगिराची पुढची कड त्याच्यावर बसली तर प्रत्येक पावलाला ठोकर. मागच्या बाजूला खोगीर शेवटच्या बरगडीपुढंच संपलं पाहिजे. घोड्याला बरगड्यांच्या अठरा जोड्या असतात. त्या जिथं संपतात तिथून कंबर सुरू होते आणि कंबरेला खालून आधार नसतो, तिथं वजन द्यायचं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कणा. पुष्कळांना वाटतं, माणूस घोड्याच्या कण्यावर बसतो. नाही. खोगिराच्या खालच्या बाजूला दोन लांब गाद्या असतात, कण्याच्या दोन्ही अंगांना एकेक, आणि मधून तीन-चार बोटं रुंदीची गल्ली सरळ आरपार गेलेली असते. वजन गाद्यांवरून दोन्हीकडच्या स्नायूंवर उतरतं. कण्याला खोगिराचा स्पर्शसुद्धा होता कामा नये. मान संपून पाठ सुरू होते तिथल्या उंचवट्यावर, वर माणूस बसलेला असताना, दोन-तीन बोटं आडवी सहज जायला हवीत. चांदणीच्या खोगिरात वर बोटं जात होती, पण खालची लाकडी कमान इतकी अरुंद होती की तिची दोन टोकं दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखी रुतत होती. ते दोन पांढरे ठिपके नेमके तिथलेच. शिवाय गाद्या पुढं टेकत, मागं टेकत आणि मध्ये पोकळ. सारं वजन चार ठिकाणी.

पोरानं यावर काय उपाय केला होता? खोगीर टोचतंय असं वाटल्यावर त्यानं खाली दुहेरी घोंगडी घातली. तरी कमी झालं नाही म्हणून वरून गोधडी. आणि खोगीर घसरतं म्हणून तंग आणखी आवळला. हेतू चांगला होता. पण पायाला बूट आवळ होत असला तर जाड मोजे घालून तो सैल होत नाही, उलट जास्त चावतो. अरुंद खोगिराखाली जेवढी जाड गादी, तेवढा चिमटा घट्ट. आपण जिला खोगीरभरती म्हणून नावं ठेवतो ती भरती बिचारी आतली असते, मापानं बसवता येते. ही वरून घातलेली भरती मात्र खरोखर निकामी.

आता तुम्ही म्हणाल, एका घोडीच्या पाठीवर एवढं बोलायचं? तर ऐका. फ्रेडरिक स्मिथ नावाचा ब्रिटिश सैन्यातला पशुवैद्य होता. हिंदुस्थानातही त्यानं नोकरी केली. 1891 साली त्यानं खोगिरं आणि दुखऱ्या पाठी या एकाच विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं, कारण पाठ लागलेला घोडा म्हणजे पायउतार झालेला सैनिक, हे फौजेला कळत असूनही वळत नव्हतं. पुढं 1899 ते 1902 या काळात दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध झालं. त्यात इंग्रजांचे तीन लाखांहून जास्त घोडे मेले. गोळीनं मेलेले त्यांत थोडे. बाकीचे थकव्यानं, उपासमारीनं, रोगानं आणि हेळसांडीनं गेले. त्या युद्धातल्या घोड्यांचा सारा हिशेबही याच स्मिथनं नंतर लिहून ठेवला.

आपल्याकडे मराठ्यांच्या फौजेत बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार. बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. मला नेहमी वाटतं, दोघांच्या घोड्यांच्या पाठी शेजारी ठेवून बघितल्या असत्या तर कोणता कुणाचा ते लगेच ओळखू आलं असतं. हा माझा कवीचा अंदाज, इतिहासकारांनी माझ्यावर रागावू नये. पण भाड्याचं जनावर आणि घरचं जनावर यांतला फरक आजही तोच आहे. माथेरानला मोटारींना बंदी आहे, तिथं घोड्यावर तासातासाला नवं माणूस बसतं, कुणी पन्नास किलोचं, कुणी नव्वदचं. पाठ एकच, ओझं रोज वेगळं. अशा ठिकाणी खोगीर मापाचं असणं किती गरजेचं आहे, ते वेगळं सांगायला नको.

आणि घोडा दूरचा वाटत असेल तर बैलाकडे या. यवतमाळ जिल्ह्यात बैल कुणाला परका नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे शेकतो. हळद घातलेलं कोमट तूप, पळसाचं पान, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण. मला हा सण फार आवडतो. लहानपणी आम्ही मोहल्ल्यातली पोरंही तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघर जायचो. पण खांदा शेकताना हाताला गाठ लागते, ती गाठ कुठून आली याचा विचार त्याच दिवशी व्हायला हवा. एक बैल उंच आणि एक ठेंगणा असला की जू तिरकं बसतं. जुवाला गाठ असली, कड धारदार राहिली, की खांदा आधी सोलतो, मग सुजतो, मग तिथं घट्टा धरतो. वर्षातून एकदा तूप चोळून तो जात नाही. वाढयाकडे जाऊन जू तासून आणलं तर मात्र फरक पडतो. त्याला फार पैसे लागत नाहीत.

जखम झालेल्या, कामाला असमर्थ जनावराला जुंपणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पण वरातीत मखमलीखाली कोण बघतो? घोडी ठरवताना लोक पांढरी आहे का विचारतात, नाचते का विचारतात, भाड्यात हजार-पाचशे कमी करून घेतात. घरी लग्न असेल त्यांनी एक करून बघावं. वरात संपल्यावर घोडीवालं पोरगं खोगीर उतरवतं, तेव्हा दोन मिनिटं थांबून पाठ बघावी. दोन्ही अंगांना घाम सारखा आलेला असेल तर खोगीर बरं बसतंय. सगळी पाठ ओली आणि मध्येच हाताएवढी जागा कोरडी दिसली, तर तिथं दाब इतका पडतोय की घामसुद्धा बाहेर येत नाही. ही कोरडी जागाच पुढं पांढरी होते. घाम धरणारा म्हणून ज्याचं नाव पडलं, त्याची परीक्षा घामावरच.

चांदणीचं काय झालं? बाबांनी एक जाड तार घेतली. मानेमागच्या उंचवट्यावरून ती आडवी ठेवून बोटांनी दाबत दाबत पाठीला चिकटवली, आकार मोडू न देता उचलली आणि पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं रेघ मारली. चार बोटं मागं पुन्हा एक रेघ. अशा तीन रेघा. त्या मापानं त्यांनी रुंद कमान बसवली, जुन्या गाद्या फाडून लोकर नव्यानं भरली. मखमल आणि आरसे तेच ठेवले, कारण गिऱ्हाइकाला ते लागतात. दीड महिना घोडीला पूर्ण आराम दिला, भाडी बुडाली, त्याबद्दल पोराची कुरकुर मी ऐकून घेतली. त्यानंतर ती तंगाला चावली नाही. पांढरे ठिपके मात्र तसेच आहेत.

बाबा मागच्या वर्षी गेले. त्यांचा मुलगा मोटारींची सीट-कव्हरं शिवतो, पण ती तार आणि पुठ्ठे त्यानं जपून ठेवलेत. घोड्याची पाठ कायम एका मापाची राहत नाही. उन्हाळ्यात काम करून ती सुकते, पावसाळ्यात हिरवा चारा खाऊन भरते. चांदणीही यंदा चांगली भरली आहे. तुळशीचं लग्न लागलं की वराती सुरू होतील, त्याआधी तिला घेऊन आम्ही त्या मुलाकडे जाणार आहोत. जुन्या पुठ्ठ्यावरच्या तीन रेघांशेजारी यंदाच्या तीन रेघा मारायच्या आहेत.