साडेसात तास की साडेचार?



आपल्या मॉरिशसहून मुंबई किती लांब आहे, असे कोणी विचारले तर तुम्ही काय सांगाल?

वर्गातला पृथ्वीगोल घ्या. दोऱ्याचे एक टोक प्लेझान्सच्या विमानतळावर आणि दुसरे मुंबईवर धरून दोरा ताणा. हे अंतर सुमारे ४,७०० किलोमीटर भरते. दोऱ्याखाली काय दिसते? निळे पाणी! सुरुवातीला आपल्याच देशाची सेंट ब्रँडनची चिमुकली बेटे जवळ येतात. पुढे विषुववृत्त ओलांडले तरी पाणीच. आपले पूर्वज मुंबई बंदरातून शिडाच्या जहाजांनी निघाले, तेव्हा त्यांनी हाच समुद्र ओलांडला. त्यांना कित्येक आठवडे लागत. पोर्ट लुईच्या धक्क्यावर, म्हणजे आजच्या आप्रवासी घाटावर, उतरलेल्या माणसाला कोकणातल्या आपल्या घरी काय चालले आहे, हे कळायला मार्ग नसे.

विमान ताशी साधारण ८५० किलोमीटर वेगाने जाते. भागाकार करा, साडेपाच तास येतील. पण चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, म्हणून सहा तास धरू. वाऱ्यामुळे थोडेफार कमीजास्त होते, ते सोडून द्या.

आता गंमत पाहा. समजा, विमान इथून रात्री ९ वाजता निघाले आणि मुंबईला पहाटे ४.३० ला उतरले. म्हणजे साडेसात तास! परत येताना ते मुंबईहून पहाटे ५.३० ला निघून इथे सकाळी १० ला आले. म्हणजे साडेचारच तास! विमान परतीला घाईत होते काय? मुळीच नाही. आपले घड्याळ ग्रिनिचच्या ४ तास पुढे, तर भारताचे साडेपाच तास पुढे. हा दीड तास जाताना वाढतो, येताना घटतो. दोन्ही वेळांची बेरीज करून निम्मी करा. खरे सहा तास हाती येतात.

हे गणित मला शाळेत येत होते. तरीही एकदा मी ते साफ विसरलो. १९९१ साली मी पुण्यात शिकत होतो. आजी गेल्याचा फोन आला. वडील म्हणाले, "उद्या दुपारी बारापर्यंत थांबतो. त्यापुढे थांबता येणार नाही." मी पहाटेचे विमान पकडले. प्लेझान्सला उतरलो तेव्हा मनगटावर साडेअकरा वाजले होते. सामान यायचे होते, पुढे व्हाक्वापर्यंतचा रस्ता होता. आजीचे तोंड आता दिसणार नाही, असे मनाशी धरून मी तिथेच एका बाकावर बसलो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी विचारले, मी सांगितले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त समोरच्या भिंतीकडे बोट केले. तिथल्या घड्याळात दहा वाजले होते.

घरी पोहोचलो तेव्हा अंगणात माणसे जमलेली होती. पावणेबारा झाले होते. वडिलांनी मला हाताला धरून आत नेले. मी आजीच्या पायांवर डोके ठेवले, तेव्हा माझ्या मनगटावर सव्वा वाजला होता.