उमेदवारीचा नवा मार्ग
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गौरव प्रसंगी केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, हा मी माझा बहुमान समजतो. वस्तुतः मी काही पंडित नव्हे. १९७६ साली मी शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालो, नंतर दोन वर्षे अध्यापक विद्यालयात काढली आणि विशीच्या आतच हाती खडू घेऊन वर्गावर उभा राहिलो. ३९ वर्षे शिकविले. महाविद्यालयाची पायरी मी विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. तेव्हा पदवीवाचून व्यवसायात शिरण्याविषयी बोलण्याचा थोडाबहुत अधिकार मला अनुभवाने आला आहे, एवढीच माझी पात्रता.

हल्ली पुष्कळ पालक मला विचारतात, "गुरुजी, मुलगा बारावी झाला. महाविद्यालयात तीन-चार वर्षे घालविण्यापेक्षा सहा महिने संगणकाचे प्रशिक्षण घेतो आणि नोकरीस लागतो, म्हणतो. काय करावे?" कित्येक वर्षे माझे उत्तर ठरलेले असे : "आधी पदवी, मग बाकीचे." हे उत्तर मी विचार न करता देत होतो. त्याचा एका मुलाला कसा भुर्दंड पडला, ते मी शेवटी सांगणार आहे. तत्पूर्वी विषय नीट समजून घेऊ.

पदवीवाचून धंदा शिकणे ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी मुलगा कचेरीत, छापखान्यात किंवा पेढीवर उमेदवारी करी. प्रथम बिनपगारी, मग अल्प वेतनावर, आणि हात बसला की कायम. संगणकाच्या विद्येचा आरंभही असाच झाला आहे. केंब्रिज विद्यापीठाने या विषयाचा एक वर्षाचा पदविका-अभ्यासक्रम १९५३ साली सुरू केला. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग १९६२ साली निघाला. त्यापूर्वी त्या विषयाची पदवी आणावयाची कोठून? अमेरिकेच्या हवाई संरक्षणासाठी 'सेज' नावाची प्रचंड संगणकयोजना त्या दशकात उभी राहिली, तेव्हा चाचणी घेऊन माणसे निवडली आणि त्यांना काही आठवड्यांचे शिक्षण देऊन कामास लावले. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 'टिफ्रॅक' हा संगणक बांधून १९६० साली चालू केला. तो बांधणाऱ्यांपैकी बहुतेकांनी असे यंत्र त्यापूर्वी हाताळलेले नव्हते. मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. ही मंडळी संगणकाची पदवी नसलेली होती, पण गणित आणि पदार्थविज्ञान यांत ती कच्ची नव्हती.

आता अलीकडचा इतिहास पाहू. २०१२च्या सुमारास अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरी 'बूटकॅम्प' या नावाच्या शाळा निघाल्या. नवशिक्या शिपायांच्या छावणीवरून हे नाव आले आहे. तीन महिन्यांच्या आसपास, रोज दहा-बारा तास, एकच ध्यास : संकेतस्थळे आणि त्यांना लागणारे प्रोग्रॅम लिहिणे. प्रारंभीच्या तुकड्यांतील पुष्कळांना चांगल्या नोकऱ्या मिळाल्या आणि शाळा झपाट्याने वाढल्या. परंतु या पद्धतीच्या अग्रणींत गणली गेलेली 'डेव्ह बूटकॅम्प' ही संस्था २०१७ साली बंद पडली. 'लॅम्बडा स्कूल' नावाच्या दुसऱ्या संस्थेने तर "आधी शिका, नोकरी लागल्यावर पगारातून द्या" असा करार काढला. ऐकावयास हा करार किती गोड! पण २०२४ साली अमेरिकन सरकारच्या ग्राहक-वित्त संरक्षण कार्यालयाने ठरविले की हे करार म्हणजे कर्जच होते, त्यांचा खर्च विद्यार्थ्यांपासून लपविला गेला आणि नोकरी लागणाऱ्यांचे प्रमाण फुगवून सांगितले गेले. संस्था जाहिरातीत शेकडा ८६पर्यंतचा आकडा सांगत होती. प्रत्यक्षात ते प्रमाण निम्म्याच्या आसपास, आणि काही तुकड्यांत शेकडा ३० एवढेच होते. शिवाय यांतील बरेच करार संस्थेने गुंतवणूकदारांना विकूनही टाकले होते. म्हणजे विद्यार्थ्याला नोकरी लागो वा न लागो, संस्थेच्या पदरात पैसा आधीच पडत होता.

याच्या उलट उदाहरण आपल्याच देशात आहे. तमिळनाडूतील झोहो या कंपनीने सुमारे वीस वर्षांपूर्वी स्वतःची शाळा काढली. बारावी किंवा पदविका झालेली मुले निवडावयाची, त्यांना सुमारे दोन वर्षे गणित, इंग्रजी आणि प्रोग्रॅमलेखन शिकवावयाचे, फी न घेता उलट विद्यावेतन द्यावयाचे, आणि तयार झालेल्यांना कंपनीतच काम द्यावयाचे, अशी ही पद्धत. तेनकासीसारख्या लहान गावाकडेही तिचे काम पसरले आहे.

या दोन उदाहरणांत फरक कशाचा आहे? काळाचा थोडा, पण मुख्य फरक जोखमीचा. जेथे शिक्षण देणाराच पुढे त्या मुलाकडून काम करून घेणार असतो, तेथे मुलगा कच्चा राहिला तर नुकसान त्याचे स्वतःचे होते. म्हणून तो कसून शिकवितो. जेथे फी आधीच हाती पडलेली असते, तेथे शिकविणाऱ्याच्या केवळ सद्बुद्धीवर विसंबावे लागते. सद्बुद्धीची माणसे या क्षेत्रात आहेत, हे मी मान्य करतो, पण आपल्या मुलाचे भवितव्य तेवढ्यावर सोडू नये.

अल्प मुदतीत काय साधते आणि काय साधत नाही, हेही ओळखले पाहिजे. सहा महिन्यांच्या चिकाटीने एखादी संगणकभाषा, माहितीचा साठा ठेवण्याची रीत आणि चालू बाजाराची साधने मुलाच्या हाती बसतात. परंतु एकच काम हजार नोंदींवर झटकन होते आणि कोटी नोंदींवर अडते ते का, हे कळावयास गणित आणि शास्त्र लागते. ते सावकाश मुरते. त्यातच २०२२च्या अखेरीपासून माणसाच्या साध्या भाषेतील सूचनेवरून प्रोग्रॅम लिहून देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली आहेत. जे सोपे काम नवशिक्याला देत, ते आता पुष्कळ ठिकाणी यंत्राकडे जाते. यंत्राने लिहिलेले बरोबर की चूक, हे पारखणारा माणूस मात्र हवाच आणि पारख ही वरवरच्या शिक्षणाने येत नाही. म्हणून "सहा महिन्यांत लाखाचा पगार" ही जाहिरात भिंतीवर दिसली, तर ती वाचून पुढे चालावे.

पदवीचीही उपयुक्तता मी नाकारीत नाही. सरकारी नोकऱ्यांच्या कित्येक जागांना ती लागते. अमेरिकेच्या एच-१बी परवान्यासाठी पदवी किंवा तिच्या तोडीचा दीर्घ अनुभव दाखवावा लागतो. पण आज पदवी आणि उमेदवारी यांत एकीचीच निवड करण्याचे कारण उरलेले नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९पासून आहे. काम करता करता तेथून पदवी घेता येते. मद्रासच्या आय.आय.टी.ने २०२१पासून संगणकावरून शिकता येणारा पदवी-अभ्यासक्रम चालविला आहे. त्यात पायाभूत प्रमाणपत्र, पदविका आणि पदवी अशा पायऱ्या असून, अडचण आली तर गाठलेल्या पायरीचे प्रमाणपत्र घेऊन थांबता येते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत संगणक चालक व प्रोग्रॅमिंग सहायक हा मॅट्रिकनंतरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ सालचा कायदा आहे आणि त्याखाली विद्यावेतनही मिळते. या सोयींची माहिती आपल्यापैकी किती घरांत आहे?

आता त्या मुलाची गोष्ट. सुमारे दहा वर्षांपूर्वी मी आपल्या शिष्यवृत्ती-उपसमितीत होतो. शिलाईकाम करणाऱ्या एका ज्ञातिबांधवाचा मुलगा माझ्याकडे अर्ज घेऊन आला. बारावीला गुण बेताचे, पण बुद्धी चलाख. सहा महिन्यांच्या प्रोग्रॅमलेखनाच्या शिक्षणासाठी त्याला मंडळाकडून कर्जाऊ मदत हवी होती. मी नियमावली उघडून दाखविली : 'मान्यताप्राप्त महाविद्यालयात प्रवेश असल्यासच'. अर्ज परत केला आणि वर उपदेशही केला. पुढे त्याच्या वडिलांनी बाहेरून कर्ज काढले. नोकरीची हमी देणाऱ्या एका संस्थेत त्याने नाव घातले. चौथ्या महिन्यात त्या संस्थेच्या दाराला कुलूप लागले. हप्ते मात्र दोन वर्षे चालू राहिले, कारण कर्ज देणारा वेगळा होता. आज तो मुलगा तालुक्याच्या गावी मोबाईल-दुरुस्तीचे दुकान चालवितो. दुकान बरे चालते. बाजारात भेटलो की तो वाकून नमस्कार करतो, आणि तो नमस्कार मला जड जातो.

ती संस्था वाईट होती, हे खरे. परंतु आमच्या नियमाने त्या मुलाला वाचविले नाही, उलट त्याला एकटे सोडले. अर्ज नाकारण्याऐवजी आमच्यापैकी दोघे जण त्या संस्थेत चौकशीस गेले असते, तर तो बुडाला नसता. मदत द्यावी की नाही एवढाच प्रश्न आम्ही पाहिला. "चल बाळ, आपण पाहून येऊ" असे कोणी म्हटले नाही.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे मी तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, शिष्यवृत्तीच्या नियमांत 'महाविद्यालय' या शब्दापुढे 'अथवा मंडळाने चौकशी करून मान्य केलेले व्यवसाय-प्रशिक्षण' एवढे शब्द घालावेत. दुसरी, या चौकशीसाठी तिघांची समिती नेमावी आणि तीत संगणक-व्यवसायात प्रत्यक्ष काम करणारा आपला एक तरुण असावा. तिसरी, मदत एकरकमी न देता टप्प्याटप्प्याने द्यावी, म्हणजे संस्था बंद पडली तरी उरलेली रक्कम वाचेल.

चौकशीत काय विचारावे? अध्यापक विद्यालयात आम्हांला सराव-पाठ घ्यावे लागत. मी शिकवीत असता आमचे गुरुजी मागच्या बाकावर बसून टाचण करीत आणि पाठ संपला की चूक न् चूक दाखवीत. मी शिक्षक झालो तो पुस्तकांनी नव्हे, त्या मागच्या बाकाने. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारावा : मुलाने लिहिलेला प्रोग्रॅम ओळीओळीने वाचून चुका दाखविणारा कोणी येथे रोज असतो काय? दुसरा : गेल्या वर्षीच्या तुकडीतील सर्व मुलांची यादी दाखवाल काय? केवळ यशस्वी मुलांची छायाचित्रे नकोत. त्या यादीतील पाच-सहा जणांना आपण स्वतः भेटावे. तिसरा : मध्येच सोडावे लागले तर पैशाचे काय? आणि करारावर सही करण्यापूर्वी तो घरी नेऊन कोणा जाणत्याकडून वाचून घ्यावा. यास जी संस्था नकार देईल, तेथून निघून यावे.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांला एवढेच सांगतो. जवळची वाट धरावयास हरकत नाही, पण ती चढणीची असते. चार वर्षांचे शिक्षण सहा महिन्यांत घेणाऱ्याने उरलेली साडेतीन वर्षे काम करीत असता रात्री अभ्यास करण्याची तयारी ठेवावी. मी नोकरीस लागलो तेव्हा माझे शिक्षण संपले, असे मला वाटले होते. ते खोटे होते, हे दुसरीच्या वर्गातील मुलांनी मला पहिल्या आठवड्यातच शिकविले.

आणि पालकहो, मुलगा किंवा मुलगी अशा मार्गाने जाऊ म्हणेल, तर रागावू नका आणि भुलूही नका. तिच्याबरोबर जाऊन पाहून या. तुम्हांला सवड नसेल तर मला सांगा. माझे पाय अजून चालतात, आणि एका मुलाचे देणे माझ्याकडून फिटावयाचे राहिले आहे.