कापसाच्या वाटेनं अमेरिका



जालन्यातल्या ज्या मस्तगडाच्या परिसरात आपण जमलो आहोत, ती गढी काबिलखानानं निजाम आसफजाहच्या हुकुमावरून १७२५ साली बांधली. त्या वेळी इंग्रजांची अमेरिकेतली तेरावी वसाहत, जॉर्जिया, अजून जन्मालाही आली नव्हती. आपली गढी त्या राष्ट्राहून अर्ध्या शतकानं थोरली आहे, हे ध्यानात ठेवूनच तिकडे बघू या.

राष्ट्राध्यक्षांची नामावळी मी वाचणार नाही. मी कापसाची वाट धरतो. जालन्यात कापूस कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

१६०७ साली व्हर्जिनियात जेम्सटाऊन वसलं आणि तंबाखूनं ते तगलं. १६१९ मध्ये तिथं पहिले आफ्रिकी बंदिवान उतरवले गेले. पुढं १७७३ साली बॉस्टनच्या बंदरात जो चहा समुद्रात फेकला गेला, तो ईस्ट इंडिया कंपनीचा होता. याच कंपनीच्या फौजेनं १८०३ साली आपल्या जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव केला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७८१ साली यॉर्कटाऊनला वॉशिंग्टनपुढं हार पत्करणारा कॉर्नवॉलिस पाचच वर्षांत कलकत्त्याला गव्हर्नर-जनरल म्हणून आला. तिकडे गेलेलं राज्य इंग्रजांनी इकडे भरून काढलं, असं मला वाटतं.

१७७६ चा अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा सर्व माणसं समान आहेत असं सांगतो. तो लिहिणाऱ्या जेफरसनच्या मळ्यात गुलाम राबत होते. १७८७ च्या राज्यघटनेत प्रतिनिधींच्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशेब धरला गेला. तरीही अनेकांना वाटत होतं, की गुलामगिरी हळूहळू आपोआप सरेल.

ती सरली नाही, आणि त्याचं एक मोठं कारण सरकीत आहे. अमेरिकेच्या आतल्या भागात पिकणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाची रुई सरकीला घट्ट चिकटून असते. आपल्याकडची लाटांची चरखी तिथं नीट चालेना. हातानं सोलायचं तर एका माणसाची दिवसभरात जेमतेम अर्धा किलो रुई व्हायची. १७९३ साली एली व्हिटनीनं दातेरी रूळ बसवलेलं यंत्र केलं. दाते रुई ओढून घेत, जाळीमागं सरकी अडून राही. रुई काढणं सोपं झालं, पण बोंडं वेचायला हातच लागत होते. मग जमीन वाढली, पेरा वाढला आणि माणसांची विक्रीही वाढली. १७९० च्या शिरगणतीत सुमारे सात लाख गुलाम होते. १८६० मध्ये ते जवळपास चाळीस लाख झाले. काम हलकं करणाऱ्या यंत्रानं माणसाच्या गळ्यातला फास आवळला. अमेरिकेच्या इतिहासातली ही गोष्ट मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते.

याच गुलामगिरीवरून १८६१ साली उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि मुंबईत कापसाचे भाव भडकले. वऱ्हाड-खानदेशातून बैलगाड्यांच्या रांगा लागल्या. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला, ते प्रेमचंद रायचंद याच तेजीत गब्बर झाले. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. त्याच वर्षी तिकडे तेराव्या घटनादुरुस्तीनं गुलामगिरी रद्द झाली.

आता १८७३ साल. त्या वर्षी महात्मा जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सत्पुरुषांना तो अर्पण केला. जालन्याजवळ बेथेल वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री त्याच वर्षी ख्रिस्ती परिषदेसाठी न्यू यॉर्कला गेले होते. जोतीरावांच्या मनातली अमेरिका मुक्तिदात्यांची होती. पण चारच वर्षांत, १८७७ मध्ये, दक्षिणेत मुक्त झालेल्या काळ्यांच्या संरक्षणासाठी ठेवलेली फौज राजकीय तडजोडीत मागं घेतली गेली. त्यांचा मताचा हक्क हळूहळू हिरावला गेला. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयानं रेल्वेत रंगानुसार वेगळे डबे कायदेशीर ठरवले. कायदा बदलला, पण मालकाची नजर बदलली नाही. हे आपल्या देशात कुणाला निराळं सांगायला नको.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेव्हा शेजारच्या हार्लेममध्ये दक्षिणेतून आलेल्या काळ्या कुटुंबांची वस्ती वाढत होती. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतले काळे लोक संयुक्त राष्ट्रांपुढं आपली कैफियत मांडत होते, तिची प्रत त्यांना हवी होती. ड्यू बॉइस यांनी आस्थेनं उत्तर पाठवलं. दोन्हीकडच्या पीडितांनी एकमेकांना ओळखलं होतं.

१९५४ चा शाळांमधला भेदभाव मोडणारा निकाल, माँटगोमेरीचा बस-बहिष्कार, १९६४ चा नागरी हक्क कायदा, हा क्रम आपल्याला माहीत असतो. पण १९६५ चा स्थलांतर कायदा आपण त्यात धरत नाही. त्याआधी आशियाई माणसाला अमेरिकेचं दार जवळजवळ बंद होतं. १९२३ साली तर भारतीय माणूस नागरिकत्वाला पात्र नाही असा निकालच तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं दिला होता. वंश पाहून माणूस नाकारणं चुकीचं आहे, हे काळ्यांच्या लढ्यानं देशाला मान्य करायला लावलं, तेव्हा ते दार उघडलं. आज न्यू जर्सीत गणपती बसवणारी मराठी कुटुंबं त्याच दारानं आत गेली. त्यांच्या गप्पांत हे ऋण फारसं येत नाही, आणि ते यायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांची मुलं-मुली शिकायला तिकडे निघाली आहेत, त्यांना माझी एक विनंती आहे. सामानात ‘गुलामगिरी’ची एक प्रत द्या. आणि वॉशिंग्टनला गेल्यावर आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाचं राष्ट्रीय संग्रहालय पाहायला सांगा. ते २०१६ साली उघडलं आहे आणि तिथं प्रवेशाला पैसे पडत नाहीत.